एक्सचेंजमध्ये द्यायचा फोन

क्षितिज,

नवा फोन घेऊन माणूस आला होता. एक्सचेंजमध्ये माझा जुना मागत होता. मी त्याला परत पाठवलं, रागावू नकोस.

फोन बिघडलाय म्हणून माझे कॉल तुला येत नाहीत, असं तू म्हणालास. म्हटलं, आधी खात्री करावी. खाली वॉचमनला लावला. त्यानं लगेच त्याच्या तमिळमध्ये "सोल्लुंगम्मा", बोला अम्मा, म्हणत उचलला. मग तिकडे आवडी उपनगरात राहणाऱ्या शैलामावशीला लावला. तिनं उचलला, शिवाय राहायलाच बोलावलं. तिकडेच निघालेय, दोन दिवस राहीन.

धडधाकट फोन असताना उगाच हप्ते कशाला भरतोस? आमटी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे.

आवडीला पोचले की ह्याच फोनवरून तुला लावते. तेवढा उचल.

आई