'भूकंप' बँडचे ऑप्शन फॉर्म

२ मार्च २०१४, सकाळी ७
आजपासून रोज रियाज. दही, लोणचं बंद. अठ्ठावीस वर्षांनी आमचा रॉक बँड 'भूकंप' पुन्हा उभा राहतोय. अल्बमचं नाव 'दुसरा हादरा', सगळी गाणी माझी. लीड सिंगर मात्र पद्मावती. बेस गिटारवाल्या माधवची भाची, कुकटपल्लीची, वय चोवीस. माधव म्हणतो, तुझा आवाज गेला. गेलेला नाही. मुरलाय.

सकाळी ९
दही खाल्लं. उद्यापासून.

९ मार्च
तारनाक्याला आमच्या गच्चीवरच्या खोलीत प्रॅक्टिस. पोरीला मराठी वाचता येत नाही. माझे शब्द तेलुगू अक्षरांत उतरवून घेते. मी म्हटलं, अशाने भाव पोचत नाही. ती म्हणाली, काका, तुम्ही वाचून दाखवा, मी तसंच म्हणते. वाचलं. तिने तसंच म्हटलं. भाव पोचला, पण तो माझा होता.

१६ मार्च
शेवटच्या गाण्यातला वरचा सूर मी लावून दाखवला. खालच्या मजल्यावरून शेजारी विचारायला आले, सगळं ठीक आहे ना. हवा कोरडी आहे, दुसरं काही नाही. ड्रमवाले हिम्मतराव हसले. नोंद घेतली आहे.

२४ मार्च
ऑफिसात एकच विषय. राज्याचे दोन भाग होणार, कोण कुठल्या राज्यात जाणार, ऑप्शन कसा द्यायचा. एकतीस वर्षं सरकारी आस्थापना विभागात काढली, फॉर्म म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. बँडचीही रीतसर पुनर्रचना करणार.
फॉर्म टाइप केला. लीड सिंगर कोण? अ: मूळ गायक (मी). ब: नवीन गायिका. टीप १: दिलेला ऑप्शन अंतिम राहील, हरकत चालणार नाही. टीप २: मुदतीत फॉर्म न देणाऱ्यास रिकाम्या जागी नेमण्यात येईल. टीप दोन खास हिम्मतरावांसाठी. त्यांनी जन्मात काही वेळेवर दिलेलं नाही.
शांतानेही एक फॉर्म मागितला. बायको बँडमध्ये नाही, पण प्रॅक्टिसचे पोहे तीच करते. दिला. एक मत वाढलं.

६ एप्रिल, संध्याकाळी ५
मुदत संपली. हिम्मतराव साडेचारलाच हजर. ब. माधव ब, मामाच तो. शांता ब. जाब विचारला. म्हणाली, तुम्ही गाता तेव्हा मला तुमची काळजी वाटते, ती गाते तेव्हा गाणं ऐकू येतं.
अ एकच आला. पद्मावतीचा. खाली तेलुगूत काहीतरी लिहिलेलं, माधवने वाचून दाखवलं: गाणी काकांची आहेत.
मग हिम्मतरावांनी विचारलं, तुमचा फॉर्म किधर है? मी म्हटलं, मी मागवणारा अधिकारी, मी कशाला भरू? त्यांनी टीप दोन मोठ्याने वाचली.

७ एप्रिल
गप्प बसणार नाही. कडक भाषेत हरकत अर्ज लिहिला. निर्णय देणारा अधिकारी मीच. टीप एकमुळे फेटाळावा लागला.

८ जून
आबिड्सच्या हॉलमध्ये अल्बमचं प्रकाशन झालं. रिकामी जागा एकच होती, खंजिरीची. ड्रमच्या मागे.
शेवटच्या गाण्यात पद्मावतीने तो वरचा सूर लावला आणि मी खंजिरी वाजवायचं विसरलो. गाणं लिहिताना तो सूर मला असाच ऐकू आला होता. मला तो कधीच लागला नाही. शहाऐंशीतसुद्धा नाही.
प्रक्रिया नियमानुसारच झाली. उद्यापासून रोज खंजिरीचा रियाज.
खंजिरीला दही चालतं.