कमानीच्या बाकाखाली

अण्णा, काल माझा बाक मोडणार असं सगळ्यांना वाटलं, मलासुद्धा. देवनहळ्ळीला माझी स्वतःची कार्यशाळा आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्यांच्या ऑफिसात बसून खुर्च्यांची चित्रं काढत होते. आता स्वतः घडवते. हा बाक जुन्या दगडी कमानीसारखा आहे. मधे पाय नाही, कुठे खिळा नाही, सागवानाचे तुकडे एकमेकांना रेटून उभे आहेत.

खिळा का नाही, ते तुम्ही जाणता. बसवनगुडीच्या तुमच्या सुतारकामाच्या दुकानात मी पहिलं स्टूल केलं, आणि ते डगमगू नये म्हणून आतून एक खिळा ठोकला होता. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही पकडीनं तो उपटलात. "लाकडाला लाकूड धरू दे," एवढंच म्हणालात. मी रडत घरी आले. संध्याकाळी आई तव्यावर तांदळाच्या पिठाची अक्की रोट्टी थापत होती. तुम्ही माझ्या ताटाशेजारी तुमची पटाशी ठेवलीत आणि जेवायला बसलात.

काल गिऱ्हाइकाचा इंजिनिअर आला. खालून लोखंडी पट्टी मारा, नाहीतर आम्ही बाक ताब्यात घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. मी नको म्हटलं. मग त्यानं माझ्या दोन्ही सुतारांना बाकावर बसायला सांगितलं. ते बसतात न बसतात तोच आतून कडाड असा आवाज आला. दोघं ताडकन उठले. इंजिनिअर माझ्याकडे पाहत राहिला.

"परत बसा," मी म्हटलं. "मी खाली जाते."

थोरले सुतार हात जोडून म्हणाले, "नको अक्का." तरी मी बाकाखाली आडवी झाले. ते बसले, अगदी जपून. माझ्या तोंडावर भुसा पडला. वरचा सांधा टॉर्चच्या उजेडात दिसत होता. सकाळी तिथे केसाएवढी फट होती, ती आता मिटली होती. तुकडा आपल्या जागी बसला होता, आवाज त्याचाच. मग इंजिनिअरही येऊन बसला. बाक हूं की चूं करेना. "सरी, ठीक आहे," तो म्हणाला.

आज सकाळी टेम्पो बाक घेऊन गेला. सुतार मला शूर समजतात, आईलाही त्यांनी फोनवर तसंच सांगितलंय. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मी खाली गेले ते भरवसा होता म्हणून नव्हे. माझा चेहरा त्यांना दिसू नये, म्हणून गेले.