पूजेला कोण बसणार

बाबा, तुमच्याबद्दल मी सांगितलेली एक गोष्ट खोटी आहे, ती आधी दुरुस्त करते. गेल्या रविवारी सनीव्हेलच्या लायब्ररीत मंडळातल्या काका-काकूंसमोर मी म्हणाले, "पूजेला कोण बसणार हे हात वर करून ठरवायचं नसतं, असं माझे बाबा म्हणायचे." तुम्ही तसं कधीच म्हणाला नाहीत. आई म्हणाली होती. तुम्ही हात वर केला होता.

मी नऊ वर्षांची होते. मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसायचा आणि दरवर्षी एक जोडपं यजमान म्हणून पूजा करायचं. त्या वर्षी पाळी आईच्या मैत्रिणीची, मावशींची होती. घटस्फोटानंतर त्या ज्यांच्याबरोबर राहत होत्या त्यांच्याशी त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. मीटिंग आपल्याच स्वयंपाकघरात, तुम्ही सेक्रेटरी. "बहुमताने ठरवू, म्हणजे कुणा एकावर यायला नको," एक काका म्हणतात, आणि पोह्यांच्या बशा सांभाळत सगळे हात वर करतात: बसू द्यायचं नाही. आई चहा गाळते आहे. "इतकी वर्षं पाळीनेच बसत होतात ना? तिची पाळी आल्यावर बरं मतदान सुचलं! पूजेला कोण बसणार हे काय हात वर करून ठरवायचं असतं?" कुणीतरी हसतं, "वहिनी, लोकशाही आहे!" सगळे गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, तुम्ही का हात वर केलात? तुम्ही बशा विसळत होतात. "सगळ्यांनी केला होता गं," एवढंच म्हणालात. मावशी पुन्हा मंडळात आल्या नाहीत.

आता आपल्या या अमेरिकन राज्यात तसंच मतदान आहे. मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन बायकांना किंवा दोन पुरुषांनाही लग्न करता येईल. नोव्हेंबरात लोक मत देऊन राज्यघटनेतच लिहू शकतात की लग्न फक्त बाईचं आणि पुरुषाचं. निम्म्यांहून थोडी जास्त मतं पुरेत. त्याला 'नाही' म्हणा, हेच मी लायब्ररीत सांगत होते. लोकांना असं करता येतं का, हे मी एका वकील बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घटना बदलायचा अधिकार लोकांचाच आहे, पण थोड्यांचा हक्क बहुतेकांच्या मर्जीवर ठेवायचा तर मग घटना हवीच कशाला? यावर कोर्टात भांडण होणार. आणि आधी लागलेली लग्नं? "खात्री कुणीच देऊ शकत नाही." मतदानावर माझा विश्वास आहे, बाबा. हरल्यावर कोर्टात धावणं हा रडीचा डाव तर नाही, असंही मनात येतं. मग मावशींचा चेहरा आठवतो.

जिच्याबरोबर मी चार वर्षं राहते ती नागपूरची आहे. "काय एवढा विचार करून राहिली यार? बाबांचं नाव घेतलं तर घेतलं. काका लोक ऐकत तर होते!" तेच तर डाचतं. आईचं म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, हे मला बोलतानाच माहीत होतं.

शाळेत जाण्याआधी आईच्या स्वयंपाकघरातल्या याच टेबलावर तुम्ही मला अक्षरं शिकवलीत. चुकलं की खोडरबर नाही; एक रेघ मारायची, चूक दिसू द्यायची, शेजारी बरोबर लिहायचं. म्हणून हे लिहिलं. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. हे पत्र वहीतच राहील. खरं सांगू? तुम्ही असतात तर माझ्या वेळी हात कुठे ठेवाल, हे विचारायची माझी हिंमत झाली नसती. ते वाक्य तुमच्या तोंडी घातलं ते काकांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

आज आईला तिचं वाक्य परत करणार आहे, आणि साक्षीदार म्हणून सही करशील का, विचारणार आहे. ती नाही म्हणाली तरी काउंटीच्या सरकारी ऑफिसातली आमच्या लग्नाची वेळ मी बदलणार नाही: बुधवार, २९ ऑक्टोबर २००८, पाडवा.