सुस्वागतम् लिहिलेली रेकॉर्ड

अहो,

मी अंगणात सडा टाकत होते, म्हैस धारेला खोळंबली होती, आणि तुम्ही पंचाच्या टोकानं रेकॉर्ड पुसत बसला होता. "बादली वाजवू नगंस, बाई गायला लागल्या." आठवते ती सकाळ? तीच रेकॉर्ड परवा भिंतीला टांगलेली पाहिली, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यावर तुमच्या धाकट्या भावानं भांडगावला हायवेवर हॉटेल काढलंय. "वहिनी, दादाच्या रेकॉर्डी द्या, गिऱ्हाईकाला ऐकवतो," म्हणून नेल्या. मला वाटलं, चार लोकांच्या कानावर पडतील. कान कसले! परवा जाऊन बघते, तर सगळ्या खिळ्यांना टांगल्यात. वर स्पीकरची धडधड. एक पोरगी तोंडाचा चंबू करून त्यांच्यापुढं फोटो काढत होती.

आणि तुमच्या लावणीवाल्या बाईंच्या रेकॉर्डवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलंय, 'सुस्वागतम्'!

"भाऊजी, ही वाजवायची वस्तू हाय."

"आता कोण ऐकतंय, वहिनी? लोकांना लूक पायजे."

"मग दादाचा चष्माबी टांगा. त्योबी जुनाच हाय."

हसला. टोमणासुद्धा कळत नाही याला! मी अक्षरं जुळवायला शिकले ती या रेकॉर्डींच्या कव्हरांवर. ती कव्हरं कुठं आहेत विचारलं, तर म्हणाला, "रद्दीत दिली."

त्याच्या स्पीकरवरचं गाणं पुढच्या उन्हाळ्यात त्यालाच आठवणार नाही. बाई आपल्या लग्नाआधी गायल्या, तरी त्यांनी आवाज लावला की अजून माझा हात जागीच थांबतो. ज्यानं जन्मात एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं नाही, तो जुन्या गाण्यांची शोभा मांडून बसलाय!

मी शिडी मागितली. एकेक खाली काढली.

"वहिनी, भिंत भुंडी दिसंल!"

"दिसू द्या. तिच्यावर तुमचाच फोटो लावा."

एक राग तुमच्यावरही आहे. बाईंची ती एकच बाजू वाजवलीत कायम. "उलटी करा की," म्हटलं, तर म्हणायचात, "तिकडं काय न्हाई." तुम्ही तरी कधी ऐकली होती का हो? आता रंग लागलाय तो तुमच्याच बाजूला.

यातली एकही रेकॉर्ड आता घराबाहेर जाणार नाही. सुई चालतेय तोवर रोज एक वाजेल, हा माझा शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकला, धार काढली आणि रंगवलेली बाजू खाली ठेवून बाईंची रेकॉर्ड लावली. दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकली.

तुमची,
शेवंता