अंगठ्याखालचं अक्षर

सदलगा,
ता. १२ जानेवारी १९३७

ती. भूपालअण्णास,
धाकट्या बहिणीचा जय जिनेंद्र.

इकडं ठीक. तंबाखूची कापणी तोंडावर आलीय. शहापुरात तुझ्यापाशी राहणाऱ्या आईची खुशाली मात्र या खेपेला विचारत न्हाय.

तू लिहिलंस, "आप्पांनी जाताना मळा तुला लिहून दिला असंल, पण सरकारदरबारी नाव कसं चढतं, कसं उतरतं, ते बायकांना काय कळणार? गप बस." न्हाय बसले. माझं नाव उतरून तुझं कसं चढलं, ते विचारत फिरले. तलाठी म्हणाला, मी नुसता लिहितो, नोंद पक्की करतात सर्कलसाहेब. सर्कलसाहेब म्हणाले, कागद मामलेदार कचेरीत. चिकोडीला तीन हेलपाटे घातले. तिथला कारकून म्हणतो, "घरात पुरुषमाणूस न्हाय व्हय?" म्हटलं, "हाय की. त्याच्यामुळंच आलेय." मग त्यानं दप्तरखान्याचं दार दाखवलं. तिकीट लावून अर्ज दिला, तेव्हा कुठं लाल फडक्यातलं गाठोडं सुटलं.

आत माझा जबाब! मळा मला नको, भावाच्या नावे करावा म्हणून. खाली अंगठा, आणि शेजारी तुझ्या वळणदार अक्षरात, 'शालन हिची निशाणी, दस्तुर भूपाल तवनाप्पा.'

लाज कशी वाटली न्हाय रं? चुलीपुढच्या राखेत माझं बोट धरून 'श' तूच गिरवून घेतलास की! बस्तीत जिनदेवापुढं बायकांना पुराण मी वाचून दाखवते, हे गावात पोराटोरांना ठाऊक. विधवा बाईला सही येती का, कोण विचारतंय, असंच ना?

तरी एवढ्यावर भागतं तर बरं होतं. त्या अंगठ्याच्या मधनं आडवी पांढरी रेघ गेलीय. ऊस सोलताना आईच्या अंगठ्याला कोयता लागला होता, चिंधी मीच बांधली होती. काय सांगून फसवलंस तिला? आप्पा गेले तेव्हा दैवाचासुद्धा एवढा राग आला नव्हता.

प्रांतसाहेबांकडं अपील दिलंय. सोळा फेब्रुवारी, मुक्काम चिकोडी. साहेब पहिलं विचारणार, अंगठा तुझा न्हाय तर कुणाचा? आईचं नाव घेतलं तर तिला पिंजऱ्यात उभी करतील. न घेतलं तर मळा गेला. मी घेणार न्हाय. तू यायचंस आणि काय केलंस ते आपल्या तोंडानं सांगायचंस. न्हाय आलास तर मळा तुझा, पण मग तुला बहीण न्हाय.

हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. एक अक्षर गाळू नकोस.

दस्तुरखुद्द,
शालन