गप्प बसायची वर्गणी

प्रिय लोरीन मावशी,

तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, ड्यूई काकांची कंबर ताळ्यावर असेल आणि तुमचा आंधळा कुत्रा अजूनही नेमका पोस्टमनलाच चावत असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम. कॅन्ससमध्ये वारा सोडला तर दुसरी काही करमणूक नाही, त्यामुळे भूक मात्र सपाटून लागते.

तुझं पत्र पोचलं. ड्यूई काकांनी साठीत विमानाचं लायसन्स काढलं हे वाचून मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की डार्लीनबाई ऑफिसातून धावत बाहेर आली. (डार्लीनबाई म्हणजे माझी मालकीण. शेतांवर विमानातून औषध फवारायचा तिचा धंदा. विमान ती उडवते, टाक्या मी भरतो.) तू विचारलंयस की काकांना एक जाहिरात आलीय, दरवर्षी वर्गणी भरा, उद्या विमानापायी कायद्याचं काही बालंट आलं तर वकील आमचा, तर हे पैसे कामी येतात की पाण्यात जातात? मावशी, तू अगदी योग्य माणसाला विचारलंस. शाळेनं नववीपर्यंत माझ्या डोक्यात जे घातलं त्याहून जास्त मी या एका विषयात मागच्या महिन्यात शिकलोय. कसं ते सांगतो, फक्त मधे मधे हसू नकोस.

इथल्या वैमानिकांना एक खोड आहे. घरात अंडी, पीठ, तवा सगळं असतं, तरी रविवारी सकाळी विमान काढायचं आणि शेजारच्या गावच्या धावपट्टीवर पॅनकेक खायला जायचं. हँगरमध्ये लांब टेबलं मांडलेली असतात, आग विझवणारी मंडळी तव्यापाशी उभी असतात, आणि जो उडत आला त्याला खाणं फुकट. (त्या फुकटासाठी किती पेट्रोल जळतं हे हँगरमध्ये बोलायचं नसतं. मी एकदा बोललो होतो. पुढच्या वेळी मला पाक मिळाला नाही.) तर त्या रविवारी मर्लचं जुनं दोन सीटांचं विमान घेऊन मी एकटाच निघालो. मर्ल म्हणजे मला उडायला शिकवणारा म्हातारा. नकाशा मांडीवर होता, पण त्यावर कॉफीचा कप होता, आणि कपाखाली नेमकं काय आहे ते मी वेळेवर पाहिलं नाही. कपाखाली दोन धावपट्ट्या होत्या. एक पॅनकेकवाली, छोटी. दुसरी शहराच्या विमानतळाची, टॉवरवाली, जिथे परवानगीशिवाय चिमणीनंही उतरायचं नसतं. दोन्हींचं तोंड एकाच दिशेला.

मी रेडिओवर पॅनकेकवाल्यांना सांगितलं, आलो रे. ते म्हणाले, ये. मला धावपट्टी दिसत होती, त्यांना मी दिसत नव्हतो, तरी शंका आली नाही. धावपट्टी जरा रुंदच वाटली. म्हटलं, यंदा वर्गणी चांगली जमलेली दिसते. टॉवरवरून कुणीतरी लाल दिवा दाखवत होतं. म्हटलं, रोषणाईसुद्धा केलीय. उतरलो, वळलो, एका अजस्र प्रवासी विमानाच्या पोटाखाली सावली बघून थांबलो, आणि कानाला टोपणं लावलेल्या एका माणसाला विचारलं, ‘‘भाऊ, पॅनकेक कुठे?’’ त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे. तिथे दुसरं एक प्रवासी विमान, उतरता उतरता, माझ्यापायी परत वर चाललं होतं.

मग टॉवरवाल्यांनी एक फोन नंबर दिला, यावर ताबडतोब बोल म्हणाले, आणि खरा घोळ तिथे झाला. पलीकडे हवाई खात्याचे प्रूइट साहेब होते. त्यांनी फक्त नाव आणि लायसन्सचा नंबर विचारला. मी नाव सांगितलं, नंबर सांगितला, कॉफी सांगितली, लाल दिवा सांगितला, आणि माणूस बरा ऐकतोय असं बघून, मर्लच्या विमानातला उंचीचा काटा थंडीत अडकतो आणि त्याला बोटानं टिचकी मारावी लागते, हेही सांगितलं. हे कळल्यावर मर्लनं टोपी जमिनीवर आपटली. ‘‘गाढवा, तुला माझ्या काट्याचं कुणी विचारलं होतं का?’’

मावशी, यात गंमत अशी की येत्या वसंतात डार्लीनबाई मला फवारणीच्या विमानावर शिकवायला घेणार होती. लायसन्स गेलं तर मी आणि ती औषधाची नळी, जन्माची जोडी.

त्या संध्याकाळी तुझ्याच प्रश्नावर हँगरमध्ये भांडण झालं. मर्ल म्हणाला, ‘‘वर्गणी कसली? इतकी वर्षं उडतोय, वकिलाचं तोंड पाहिलं नाही.’’ डार्लीनबाई म्हणाली, ‘‘तुझं तोंड बंद असतं म्हाताऱ्या. याचं बघ, धान्याच्या कोठारासारखं उघडं.’’ मी दुसऱ्याच दिवशी वर्गणी भरली. योजनेच्या वकीलबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की भरण्याआधी घडलेल्या भानगडीला योजना लागू नाही. (घर जळाल्यावर विमा काढणारा मी पहिला नव्हे, असंही म्हणाल्या. तेवढाच दिलासा.) पण बाई भल्या. दोन गोष्टी तशाच सांगितल्या. एक, चूक मुद्दाम केलेली नसेल तर अंतराळ खात्याकडे (हो, रॉकेटवाल्यांकडेच, वैमानिकांच्या चुकांची नोंद तेच ठेवतात) तिचा अहवाल दहा दिवसांत पाठवावा. त्याला छदाम लागत नाही, आणि शिक्षा टळायला मदत होते. दोन, साहेब समोर आले की विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं आणि थांबायचं. ‘‘थांबायचं म्हणजे काय?’’ मी विचारलं. बाई काहीच बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं मला कळलं, तेच उत्तर होतं.

अहवाल पाठवलाय. साहेब गुरुवारी येणार आहेत. मर्ल मला रोज समोर बसवतो, एक प्रश्न विचारतो, आणि उत्तरानंतर माझ्या तोंडात सफरचंद कोंबतो. प्रगती बरी आहे.

तुझा,
क्लेटस

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि गुरुवार होऊन गेला. साहेब आले. विचारलं, नकाशा जवळ होता? मी म्हटलं, होता. आणि थांबलो. मावशी, अख्ख्या खानदानात इतकं कुणी कधी थांबलं नसेल. साहेबांना ती शांतता सोसवेना. त्यांनी खुर्ची सरकवली, खाकरले, मग आपणहून म्हणाले की तरुणपणी ते स्वतः एकदा चुकीच्या गावी उतरले होते, आणि तेही बायकोला घेऊन, तिच्या बहिणीच्या लग्नाला. लग्न चुकलं. बायको अजून बोलून दाखवते. मग मर्लच्या हाताखाली थोडी उजळणी कर, एवढ्यावर सुटलो. लायसन्स शाबूत. मर्लचा काटाही बदलावा लागला. त्याचे पैसे तो दर पगाराला माझ्याकडून घेतोय आणि घेताना गप्प असतो.

आणखी एक ता. क. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. बोलक्या माणसानं वर्गणी जरूर भरावी. वकील मिळतो तो वेगळाच, गप्प बसवणारं कुणीतरी मिळतं. ड्यूई काका जेवायला बसल्यापासून हात धुवेपर्यंत फक्त ‘मीठ’ म्हणतात, त्यांना एकट्याला गरज नाही. पण साहेबांशी त्यांच्या वतीनं तू बोलणार असशील, तर आजच भरा.

शेवटचा ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच होतं. मी उडतो हे आईला अजून माहीत नाही. तिच्या हिशेबी मी ट्रॅक्टर चालवतो. इथे एकट्यानं पहिल्यांदा विमान उडवलं की शिकवणारा तुमच्या सदऱ्याची पाठ कात्रीनं कापतो आणि हँगरच्या भिंतीला टांगतो. मी त्या दिवशी आईनं शिवलेला निळ्या चौकड्यांचा सदरा घातला होता. आता थँक्सगिव्हिंगला घरी येतोय, आणि तोच सदरा घालून ये असं तिनं बजावलंय. त्याच ताग्यातला तुकडा तुझ्या पेटीत आहे, मला ठाऊक आहे. बिनपाठीचा सदरा या पत्रासोबत पाठवतोय, पाठ जोडून दे, टाके बारीक घाल. आईसमोर गप्प बसून काही होत नाही. आपण थांबलो की ती उठून सदरा उलटा करून बघते.