बंड्याचं कडं

३ जानेवारी
रिव्ह्यूसाठी दोन पार्सलं आली. एकात मांजरांसाठी पाण्याचं कारंजं. लगेच लावलं. आमची मांजर साय दुपारभर त्याच्यासमोर बसून होती, प्यायली मात्र एकदाही नाही. पाण्यात हलणारं ऊन बघत राहिली. रिव्ह्यूत काय लिहू? मांजर पाणी पीत नाही, पण सुखात आहे.
दुसरं खोकं नंतर.

५ जानेवारी
खोकं उघडलं. कुत्र्याच्या छातीला बांधायचा पट्टा आणि त्याला पुढे एक हलकं, गोल कडं. चालताना भिंतीला आधी कडं लागतं, डोकं वाचतं. आंधळ्या कुत्र्यांसाठी.
चुकून आलं असेल म्हणून कंपनीतल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मॅम, लास्ट व्हिडिओ में वो टेबल से टकराया था ना, इसलिए भेजा."
व्हिडिओ पुन्हा लावला. कुत्र्यांच्या गादीचा होता, मी गादीकडेच बघत होते. आमचा बंड्या टेबलाच्या पायावर आपटतो, थांबतो, नाकाने चाचपत वळतो. घरात रोज तेच करत असणार. परक्या मुलीला दिसलं.

६ जानेवारी
काल रात्री निखिलला सांगितलं. "म्हातारा झालाय गं. आळस, दुसरं काही नाही."
बंड्या त्याचा. पुण्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू. माझी ओळख त्यानंतरची.
सकाळी नि. त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि कापसाचा बोळा डोळ्यांपुढून खाली सोडला. कापसाला ना आवाज, ना वास. बंड्या नि.च्या श्वासाकडे तोंड करून शेपूट हलवत राहिला. नि.ने पुन्हा सोडला. पुन्हा तेच.
मग बोळा खिशात घालून न खाताच महादेवपुऱ्याला, ऑफिसला गेला. दिवसभर मेसेज नाही.

९ जानेवारी
कडं बांधलं. बंड्या जागच्या जागी पुतळा. कान मागे, मान खाली. मी फरशीवर बसून राहिले. बाहेर कुणीतरी नारळ फोडत होतं, त्याचा आवाज खोलीत भरून राहिलेला.
वरून घरमालकीण अक्का आल्या. मूळच्या निपाणीच्या, जन्म इथं कानडीत गेला. "काय बांधलंयस गं त्याला?"
"दिसत नाही त्याला, अक्का."
"ते मला ठाऊक हाय की. दिवाळीपासनं जिन्यात टाळी वाजवून बोलावते त्याला. तुम्हाला ठाऊक असंल म्हणून बोलले नाही." मग जवळ बसल्या. "स्वल्प थांब, जरासं. चालंल त्यो."
साय आली, कड्याला अंग घासून गेली. कडं हललं. बंड्याने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. कडं भिंतीला लागलं, तो थांबला, वळला. असं करत सगळं घर फिरला, पाण्याखाली चालल्यासारखा, सावकाश. किती दिवसांनी तो खोलीच्या मधोमध चालला!
नि. दारात कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
"काढ ते," म्हणाला. हळूच म्हणाला.

१२ जानेवारी
डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन होऊ शकतं. पण वय झालंय, हृदयाचा ठोका साफ नाही, भूल झेपेलच असं नाही.
"दिसेलही. टेबलावरून उठणार नाही, असंही होऊ शकतं."
नि. तिथेच म्हणाला, लगेच करू. त्याला दिसायला हवं.
मी म्हटलं, "त्याला दिसायला हवंय, की तुला?"
बोलायला नको होतं. परतीच्या वाटेवर सिग्नलमागून सिग्नल. बंड्याने खिडकीतून नाक बाहेर काढलेलं. त्याचं शहर तिथेच होतं, पूर्वीसारखं.

१५ जानेवारी
संक्रांत. अक्कांनी वाटीभर एळ्ळु-बेल्ल दिलं. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, सगळं सुटं सुटं. घरच्या लाडवांची आठवण, पण हेही आता आपलंच वाटतं.
दुपारी नि. बंड्याशेजारी फरशीवर आडवा, मी त्याच्यामागे. बंड्या झोपेत पळत होता. चारी पाय हलतायत, ओठ थरथरतायत, मधेच एक बारीकसं भुंकणं, लांबून आल्यासारखं.
"झोपेत दिसत असेल ना त्याला?"
"असेल."
"मग मीही दिसत असेन. पार्किंगमधला. केस होते तेव्हा."
दोघंही हसलो. मग नि.चे डोळे भरून आले. मी उठले नाही, नुसती त्याच्या पाठीवर हात ठेवून पडून राहिले. कधी डोळा लागला कुणास ठाऊक.

१७ जानेवारी
कड्याचा रिव्ह्यू पाठवला. "सुरुवातीला कुत्रा हलणार नाही. घाबरू नका, शेजारी बसा." कंपनीला आनंदी कुत्र्याचा व्हिडिओ हवा होता. दिला नाही.

१९ जानेवारी
काल दवाखान्यातून निरोप: ऑपरेशनला गुरुवार मोकळा आहे. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय.
नि. म्हणाला, "तू ठरव."
"कुत्रा तुझा आहे."
"तुझाही आहे. मला नीट विचार करता येत नाहीये."
सकाळी गच्चीवर गेलो. कडं खाली घरातच. नि. पुढे अनवाणी, पाय घासत चाललेला, बंड्याला ऐकू यावं म्हणून. बंड्या मागे. धुक्यात दोघांच्या कडा पुसट झालेल्या. मी टाकीपाशी उभी.
तेवढ्यात माझ्या हातात फोन वाजला. दवाखाना. नि. थांबला, माझ्याकडे बघत राहिला. बंड्या थांबला नाही. नि.ला वळसा घालून, कुठेही न अडखळता, वाजणाऱ्या फोनपर्यंत आला आणि माझ्या मनगटावर नाक टेकवलं.
वाजून वाजून फोन बंद झाला. मी परत लावला नाही, नि.नेही लाव म्हटलं नाही.
आता चार वाजतायत. बंड्या पायाशी आहे. नि. आत चहा करतोय.